राजा बोक्याचं बिल

आमच्या महिला बचत गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत गेल्या मे महिन्यातली एक नोंद आहे : ‘सभासद क्र. ७ यांना घरगुती तातडीच्या खर्चासाठी रु. ६,००० अंतर्गत कर्ज मंजूर.’ अक्षर माझं आहे, कारण गटाची सचिव मी. नोंद खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. खर्च घरगुती होता आणि तातडीचाही होता, फक्त तो एका बोक्याची लघवी तुंबल्याचा होता. ते तसं वहीत लिहायला त्या दिवशी माझा हात धजावला नाही. म्हणून सगळं प्रकरण इथं लिहून ठेवतेय. आकडे वहीतले आणि पावत्यांवरचे आहेत. नावं देत नाही. सभासद क्र. ७ ला गल्लीत सगळे अक्का म्हणतात, इथंही तेच चालेल.

अक्कांचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या आतल्या बाजूला, दोन खोल्यांचं. दाजी टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. पगार आठवड्याला : आठवडा चांगला गेला तर चार हजार, लाइट गेली किंवा सुताचा खोळंबा झाला तर तीन. अक्का घरी टॉवेलच्या कडा शिवतात, पैसे डझनावर. मुलगी बी.कॉम.ला. आणि राजा. पांढरा-पिवळा, चार वर्षांचा, नसबंदी झालेला, घरातच बसून पाच किलोंच्या वर गेलेला. खाणं म्हणजे दुकानातून सुटं आणलेलं कोरडं कॅटफूड आणि अधूनमधून सुकट. झोपायची जागा म्हणजे शिवून ठेवलेल्या टॉवेलांचा गठ्ठा. त्याचे केस लागले म्हणून मालकानं एकदा अख्खा डझन परत पाठवला होता. ती गोष्ट अक्का अजून तक्रारीच्या सुरात सांगायला जातात आणि हसून बसतात.

गुरुवार, शुक्रवार

मे महिना होता, पारा चव्वेचाळीसकडे चाललेला. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात प्रत्येक घरात पाण्याच्या भांड्यांची एक शिस्त असते आणि त्या शिस्तीत मांजराची वाटी शेवटी येते. गुरुवारी संध्याकाळी राजा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसायला लागला. बसायचा, जोर करायचा, बाहेर यायचा, खालून चाटायचा, परत जाऊन बसायचा. अक्कांना वाटलं, पोट साफ होत नाही. त्यांनी चमचाभर तूप चाटवलं.

ही चूक फार जणांकडून होते, कारण दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा लांब आणि टोकाला अगदी अरुंद असतो. लघवीतली खर आणि चिकट स्राव मिळून तिथं बूच बसतं. मग थेंबही बाहेर येत नाही. बद्धकोष्ठ दोन दिवस काढू शकतं. हे काढू शकत नाही. जी घाण लघवीतून जायची ती रक्तात साठत जाते, त्यात पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, आणि पुरतं तुंबल्यापासून एक-दोन दिवसांत जनावर जाऊ शकतं. मलाही हे तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच की शुक्रवारी दुपारी अक्का हप्ता द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘राजा सारखं वाळूत जायलाय, होईना काहीच,’ आणि मी वहीतून मान वर न काढता म्हटलं, ‘उन्हाळा आहे.’

शुक्रवारी रात्री साडेदहाला मुलीचा फोन आला. राजानं दोनदा उलटी केली होती, कोपऱ्यात पडून वेगळ्याच आवाजात ओरडत होता. मी गेले तेव्हा दाजींनी तापाच्या गोळीचा पाव तुकडा चमच्यात पाणी घालून भिजत ठेवला होता. माणसाला उतार पडतो तर मांजराला का नाही, असा साधा हिशेब.

मुलीनं तीन दवाखान्यांना फोन लावले. एकाचा बंद. दुसरीकडून ‘उद्या दहाला घेऊन या’ एवढं सांगून फोन ठेवला गेला. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र उलट प्रश्न विचारले. नर आहे का? शेवटची लघवी कुणी बघितली? मागच्या पायांच्या पुढं पोटाला हात लावा, लिंबाएवढं कडक काही लागतंय का? अक्कांनी हात लावला आणि राजा किंचाळला. डॉक्टर म्हणाले, ‘दाबू नका. काही दिलंय का?’ दाजींनी चमच्याचं सांगितलं. ‘ते फेकून द्या. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आत्ता निघा, मी दवाखाना उघडतो.’

नंतर त्यांनी समजावलं की पॅरासिटामॉल पचवायला यकृतात जी यंत्रणा लागते ती मांजरात फार तोकडी असते, त्यामुळे गोळीचा तुकडासुद्धा रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद बिघडवतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही मांजराला घातकच. राजा वाचला त्यात त्या चमच्याला दहा मिनिटं उशीर झाला याचाही वाटा आहे.

रिक्षात बसताना अक्का थांबल्या. एक पाय आत, एक बाहेर. ‘किती घेतील?’ मी म्हटलं, जाऊन बघू. ‘नाही, आधी विचारा. एवढ्या रात्री उठवायचं आणि पैसे नाहीत म्हणायचं, बरं दिसत नाही.’ त्यांच्याकडे घरात १,७०० रोख होते आणि खात्यात २,३००. हे नंतर कळलं. हेही नंतर कळलं की शुक्रवारी सकाळीच त्यांना दवाखान्यात न्यावंसं वाटलं होतं, पण मांजराला दवाखाना म्हटल्यावर शेजारपाजार हसेल, आणि बिल ऐकून आपणच खाली मान घालून परत येऊ, या दोन भीतींनी त्यांनी दिवस काढला. तुपाचा चमचा हा खरं तर त्या भीतीचाच भाग होता.

रात्री बारा

सात रस्त्याच्या पलीकडचा छोटा दवाखाना, शटर अर्धं वर. राजाला आम्ही सेकंडच्या, म्हणजे बाद मालातल्या, टॉवेलात गुंडाळून भाजीच्या क्रेटमध्ये नेलं होतं. डॉक्टरांनी टेबलावर घेतल्याबरोबर छातीला स्टेथोस्कोप लावला आणि घड्याळाकडे बघत राहिले. मांजराचं हृदय दवाखान्याच्या टेबलावर मिनिटाला दीडशेच्या पुढं, कधी दोनशेवर धावतं. राजाचं १०४ होतं. अंग गार. ते फक्त म्हणाले, ‘हे चांगलं नाही.’ रात्री पोटॅशियम तपासायला लॅब उघडी नव्हती, पण ठोके इतके मंद म्हणजे ते वाढलेलंच आहे असं धरून त्यांनी पुढच्या पायाचे केस कातरले, सुई लावली आणि कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी हळू, ठोके ऐकत ऐकत सोडलं. कॅल्शियमनं पोटॅशियम उतरत नाही, ते हृदयाला तेवढ्यापुरतं सांभाळतं. खरं काम पुढं होतं : भूल, नळी, बूच मोकळं करणं.

मग ते हात धुऊन बाहेर आले आणि म्हणाले, ‘साधारण बारा ते पंधरा हजार जातील. आत्ता पाच भरा.’

अक्का भिंतीला टेकल्या. दाजी बाहेर जाऊन रिक्षावाल्याशी बोलायला लागले, म्हणजे तिथून निघून गेले.

मी बारा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिते. आकडा एकरकमी ऐकला की माझं डोकं आपोआप त्याची फोड मागतं. मी विचारलं, ‘डॉक्टर, यातलं आज रात्री लागणारच काय, उद्यावर काय जाईल, आणि नाही झालं तरी चालेल असं काय?’

मला वाटलं चिडतील. त्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांचा पॅड ओढला, मधोमध आडवी रेघ मारली आणि रेघेच्या वर लिहायला लागले. ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. वर : सलाईन, कॅल्शियम, भूल, कॅथेटर. रेघेखाली : रक्त उद्या सकाळी, लघवीची तपासणी, सोनोग्राफी. सोनोग्राफीसमोर प्रश्नचिन्ह काढलं, मग स्वतःच खोडलं. ‘ही उद्या चालेल, पण टाळू नका. मूत्राशयात खडा असेल तर मी आज मोकळं केलेलं परत तुंबणार आणि हे पैसे पाण्यात जाणार.’

मी विचारलं, नळी बसवून लगेच घरी नेला तर? दवाखान्यात ठेवण्याचे वाचतील. ते म्हणाले, हलका पेशंट असता तर विचार केला असता. पोटातून सुईनं लघवी काढून, गुंगीचं औषध देऊन, नळी न घालता वाट बघण्याचाही एक मार्ग असतो, तोही स्वस्त पडतो. पण ज्याचं हृदय शंभरावर आलंय त्याच्यावर ही काटकसर करता येत नाही. शिवाय बूच निघाल्यावर मूत्रपिंडं अडवलेलं सगळं एकदम सोडतात, धो धो लघवी होते, तेवढंच सलाईन आत गेलं नाही तर जनावर कोरडं पडतं. ते रात्रभर मोजावं लागतं.

आणि मग त्यांनी, आवाज न बदलता, चौथा पर्याय सांगितला. ‘खर्च झेपणारच नसेल तर त्याला इंजेक्शन देऊन शांत झोपवता येतं. तुंबलेलं तसंच ठेवून घरी नेऊ नका, एवढंच माझं म्हणणं. तो फार वाईट मरण मरेल.’ हे अक्कांसमोर बोलायला नको होतं असं मला त्या क्षणी वाटलं. आता वाटतं, बरं केलं. सगळे पर्याय टेबलावर आल्यावरच अक्का भिंतीपासून सुटल्या. ब्लाउजमधून छोटा बटवा काढला, १,७०० मोजले, पोरीला म्हणाल्या, ‘खात्यातले सगळे पाठव.’ चार हजार झाले. डॉक्टरांना म्हणाल्या, ‘बाकी सकाळी. पळून जात नाही.’

‘रेघेच्या वरचं चार हजारांत सुरू होतं,’ ते म्हणाले आणि आत गेले.

पहिली लघवी आली ती कडक चहाच्या रंगाची. नळीचं दुसरं टोक त्यांनी रिकाम्या सलाईनच्या बाटलीत सोडलं आणि बाटली टेबलाखाली जमिनीवर ठेवली. मुलीला एक काम दिलं : दर दोन तासांनी बाटलीत किती मिली, किती वाजता. तिनं ते तीन दिवस लिहिलं. बी.कॉम.च्या वहीच्या मागच्या पानावर, दोन रकाने आखून, आत किती, बाहेर किती. मला त्या पानाचा हेवा वाटतो. आमच्या गटाची रोकड वहीसुद्धा इतकी स्वच्छ नाही.

पैसे कुठून आले

आमच्या गटात बाराजणी, महिन्याला दोनशेची बचत, पाचवं वर्ष. अंतर्गत कर्जाला दरमहा दोन टक्के व्याज, उरलेल्या मुद्दलावर. नियम असा की तातडीच्या वेळी अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि सचिव, तिघींच्या सहीनं पेटीतून तीन हजारांपर्यंत काढता येतात, पुढच्या बैठकीत मंजुरी घ्यायची. शनिवारी सकाळी सातला मी दोन्ही सह्या घेतल्या. अध्यक्षबाईंनी सही करताना विचारलं, ‘कोण आजारी?’ मी म्हटलं, राजा. त्यांना वाटलं, अक्कांच्या माहेरचं कुणी. मी खुलासा केला नाही. हा माझा या प्रकरणातला कमीपणा, तो इथं नोंदवून ठेवते.

शनिवारी रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन नऊच्या वर. मांजरात ते साधारण दोनच्या आत असायला हवं. पोटॅशियम सलाईनवरसुद्धा जास्तच होतं. सोनोग्राफीत खडा नव्हता, गाळ होता.

त्याच दिवशी मुलीच्या मोबाइलवर कर्जाचं एक अॅप आलं. दहा हजार, दहा मिनिटांत. तिनं जवळपास अंगठा टेकवलाच होता. मी तिला त्या अॅपमधला कर्जाच्या अटींचा कागद उघडायला लावला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्यानं सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे आधी दाखवायला लागतं. बहुतेक लोक तिथपर्यंत खाली जात नाहीत. प्रोसेसिंग फी कापून हातात पडणार होते साडेआठ हजार, फेडायचे होते दहा, वर व्याज, मुदत तीन महिने. गटाच्या सहा हजारांवर सहा महिन्यांचं व्याज होतं : १२०, १००, ८०, ६०, ४०, २०. एकूण ४२०. पोरगी कॉमर्सची, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

कुणीतरी म्हणालं, पुण्याला न्या. अडीचशे किलोमीटर. गाडीचंच भाडं निम्म्या बिलाएवढं, आणि शुक्रवारी रात्री पुण्याचा रस्ता धरला असता तर राजा वाटेतच गेला असता. कुणी म्हणालं, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असताना खासगीत कशाला? प्रश्न रास्त आहे. सरकारी दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं, मांजराला बघतातही. पण तिथली धावपळ मुख्यतः गायी-म्हशी-शेळ्यांची, वेळ दिवसाची, आणि आमची वेळ रात्री बाराची. पुढची साधी तपासणी, लस, जंताचं औषध हे मात्र आता अक्का तिथंच करतात. विमा? कुत्र्या-मांजरांचे विमे आपल्याकडे काही कंपन्या देतात, पण आधी झालेलं दुखणं त्यात सहसा बसत नाही, आणि राजाचं दुखणं आता आधी झालेलंच आहे.

दाजींनी सोमवारी मालकाकडून तीन हजार उचल घेतली. कशासाठी म्हणून सांगितलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं त्यांनी पोरीची फी सांगितली असावी.

सोमवारी संध्याकाळी नळी काढली, राजानं दवाखान्यातच, सगळ्यांसमोर, ट्रेमध्ये स्वतःहून लघवी केली. कंपाउंडरनं टाळी वाजवली. बिल झालं ते असं :

रात्रीची तपासणी ८००
भूल, कॅथेटर ४,५००
इंजेक्शनं, सलाईन १,९००
रक्त, दोन वेळा १,४००
लघवी तपासणी ३००
सोनोग्राफी ९००
दवाखान्यात ठेवण्याचे, तीन दिवस ३,०००
घरी न्यायची औषधं ६५०

एकूण १३,४५०. बाहेर मूत्रविकाराचं खास खाद्य १,४५०, रिक्षाचे सगळे मिळून ६००. म्हणजे १५,५००.

आले ते असे : घरातले ४,०००, गटाचे ६,०००, मालकाची उचल ३,०००. उरलेले २,५०० डॉक्टरांकडे बाकी राहिले, दोन हप्त्यांत. त्यासाठी अक्कांना हात जोडावे लागले नाहीत. मीच म्हटलं, ‘बाकी लिहून द्या, तारखा टाका,’ आणि त्यांनी त्याच पॅडवर लिहून सही केली. तोंडी बाकीपेक्षा लिहिलेली बाकी माणसाला कमी वाकवते, हे मी गटात शिकलेय.

रविवारची बैठक

ही खरं तर मध्ये झाली, पण तिला वेगळी जागा द्यायला हवी. पेटीतल्या तीन हजारांना मंजुरी आणि आणखी तीन हजारांची मागणी, असे दोन विषय. बैठक माझ्या ओट्यावर, नऊ जणी हजर. मी आधी सगळं खरं सांगितलं. अध्यक्षबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

एकीनं सरळ विचारलं, ‘आज मांजर, उद्या कुणी कोंबडीला मागेल. द्यायचे?’

दुसरी म्हणाली, गेल्या वर्षी शेळीच्या औषधाला दिले होते की.

‘शेळी दूध देते.’

कोषाध्यक्ष मावशींनी अक्कांना हात द्यायचा म्हणून एक वाट काढली. अक्कांच्या घरात दुसऱ्याच्या मालाचे गठ्ठे असतात, उंदरांनी एक टॉवेल कुरतडला तरी पैसे कापले जातात, तेव्हा बोका हा धंद्याचा भाग, कर्ज व्यवसायासाठी म्हणून लिहू. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पेन उचललंसुद्धा.

अक्का म्हणाल्या, ‘तसं लिहू नका. उंदरासाठी पाळलेला नाही तो. त्यानं आजवर एक उंदीर मारलेला नाही. पोरगी दहावीला होती तेव्हा पावसात भिजलेला आला, राहिला. मी पैसे फेडते का नाही एवढंच बघा.’

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच पहिल्या बाईनं विचारलं, ‘आत्तापर्यंत हप्ता कधी चुकलाय का यांचा?’ मी खातेवही उघडली. पाच वर्षांत एकदा, आठ दिवसांनी, दंडासकट. ‘मग द्या,’ ती म्हणाली, ‘कशाला ते तिचं ती बघेल.’

मंजूर झालं. आणि एवढं सगळं होऊनही मी लिहिलं ‘घरगुती तातडीचा खर्च’. वही वर्षातून एकदा तपासणीला जाते. बाहेरचं कुणी वाचेल, हसेल, असं मनात आलं. म्हणजे शुक्रवारी सकाळी अक्कांच्या मनात जे आलं तेच, फक्त माझ्या हातात तुपाच्या चमच्याऐवजी पेन होतं.

अकरावा दिवस

डॉक्टरांनी बजावलं होतं की हे दुखणं परत येऊ शकतं, पहिले काही आठवडे जास्त जपा. पाणी पोटात जाईल ते करा : कोरडं खाद्य भिजवून, घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या, सुकट बंद, घमेलं रोज साफ. परत परत तुंबायला लागलं तर मूत्रमार्ग रुंद करायची शस्त्रक्रिया, ती मोठ्या शहरात आणि या बिलाच्या वर. अक्कांनी त्यातलं सगळं केलं. शिवाय एक डबा ठेवला, दाजी रोज दहा-वीस रुपये टाकायचे.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला राजा घमेल्यात बसला आणि उठेना. दहाला परत. साडेदहाला अक्का माझ्याकडे आल्या, पण दारातच उभ्या. म्हणाल्या, ‘जरा दुपारपर्यंत बघू का? पहिला हप्तासुद्धा दिला नाही अजून त्यांचा. कुठल्या तोंडानं जायचं?’

मी त्यांना तो पॅडचा कागद दाखवला. हप्त्याची तारीख अजून चार दिवस पुढं होती. ‘तुम्ही बाकीदार आहात, बुडवे नाही,’ मी म्हटलं आणि चपला घातल्या. मला वाटतं या प्रकरणात मी केलेलं कामाचं काम तेवढंच : साडेदहाला चपला घालणं.

बारा वाजायच्या आत राजा टेबलावर होता. ठोके १८०. मूत्राशय भरलेलं, पण कडक नव्हतं. हलकी गुंगी, टोकाशी अडकलेला वाळूसारखा गाळ धुऊन काढला, नळी ठेवावी लागली नाही, रात्री ठेवावं लागलं नाही. गुंगी आणि धुण्याचे १,२००, इंजेक्शनं ४५०, रक्त ३००. एकूण १,९५०. डॉक्टरांनी जुन्या बाकीचा विषयही काढला नाही. अक्कांनी स्वतःच काढला. तेव्हा ते म्हणाले, ‘तारीख आली की द्या. तुम्ही बाकीपायी उद्या आला असता तर मला परत पंधरा हजारांचं काम करावं लागलं असतं.’

डब्यात १६० रुपये निघाले. बाकीचे दाजींच्या त्या आठवड्याच्या पगारातून.

दोन्ही बिलं मी शेजारी शेजारी ठेवून बघितली आहेत. तोच बोका, तोच रोग, तोच डॉक्टर, तेच टेबल. पहिल्या वेळी लक्षण दिसल्यापासून दवाखान्यापर्यंत साधारण तीस तास गेले, दुसऱ्या वेळी तीनसुद्धा नाहीत. डॉक्टरांची बाकी ठरलेल्या तारखांना गेली, एकदा १,५००, एकदा १,०००. गटाचा सहावा हप्ता नोव्हेंबरात आला, व्याजासकट १,०२०. पावती फाडताना मी अक्कांना विचारलं, ती मे महिन्याची नोंद दुरुस्त करू का? त्या म्हणाल्या, ‘राहू दे, वही खराब होते.’ मी तरी बाजूच्या समासात बारीक अक्षरात ‘बोका’ लिहिलंय.

अक्कांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता दुधाच्या लिटरांखाली दुसरा एक आकडा असतो : राजा दिवसातून किती वेळा गेला. वाळूत ओला गोळा दिसला की पोरगी एक रेघ मारते. परवा सकाळी साडेअकराला अक्कांचा फोन आला. ‘पहाटेपासून एकच रेघ आहे.’ मी विचारलं, किती वाजताची? ‘सहाची.’ मी म्हटलं, रिक्षा बघू? ‘थांबा, घमेल्यातच बसलाय.’ फोन तसाच चालू होता. मागं माग वाजत होते, शिलाई मशीन बंद होतं. मग त्यांचा आवाज आला, लांबून, पोरीला : ‘अगं, मार रेघ.’